लिहिलेले आणि ताडलेले : दलित कथेच्या वाचनाचा एक प्रश्न

दलित कथेविषयी मराठीत आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. तिच्या वेदनेविषयी, नकाराविषयी, विद्रोहाविषयी आणि भाषेविषयी लिहिले गेले. परंतु ही कथा वाचावी कशी, या साध्या प्रश्नाकडे आपल्या समीक्षेने म्हणावे तितके लक्ष दिलेले नाही. लेखकाने कथेत काय लिहिले आहे आणि ते वाचून आपण काय ताडले आहे, या दोहोंमधली रेषा आपल्या लेखनात फार वेळा पुसली जाते. समीक्षक लिहितो, ‘या कथेत असे दाखविले आहे की’, आणि पुढे जे येते ते कथेत कोठेच नसते. ते समीक्षकाच्या मनात असते. गाईड लिहिणारा तेच वाक्य उचलतो, विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि परीक्षक त्याला गुण देतो. अशा रीतीने एकाचे अनुमान दुसऱ्याची माहिती बनते आणि तिसऱ्याचे सत्य ठरते.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन शिस्तीचा असता तर त्यासाठी या पानांवर मी जागा मागितली नसती. आपल्यासाठी तो जगण्याचा प्रश्न आहे. जातिव्यवस्थेचा रोजचा व्यवहारच अनुमानावर चालतो. जात कोणाच्या कपाळावर लिहिलेली नसते. म्हणून आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात, गावात घर कोणत्या अंगाला ते विचारतात, भिंतीवर फोटो कोणाचा आहे ते पाहतात. या खुणांवरून जात ठरवली जाते आणि ठरवलेल्या जातीवरून माणूस ठरवला जातो : त्याची बुद्धी, त्याची स्वच्छता, त्याचा प्रामाणिकपणा. यातली पहिली पायरी कधी बरोबर निघते, कधी चुकते. दुसरी पायरी तर तर्काचीच नाही; ती परंपरेने चढवलेली आहे. तरीही दोन्ही पायऱ्या एका दमात चढून जाणाऱ्याला आपण अनुमान केले असे वाटत नाही. आपण एक वस्तुस्थिती पाहिली, असेच त्याला वाटते. ज्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या असे ताडले गेले, त्यांनी तरी वाचताना ‘हे पाहिले’ आणि ‘हे ताडले’ यांचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे.

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि मराठी कथेचा पोत त्याने बदलला. कथेचा निवेदक ‘मी’ आहे. तो रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला येतो. त्याला राहायला खोली हवी आहे. रणछोड त्याला जात विचारतो. निवेदक जातीचे नाव सांगत नाही. आपण मुंबईकर आहोत, असे तो बाणेदारपणे सांगतो. पुढे रामचरण तिवारीशी त्याचा स्नेह जुळतो, त्याला मान मिळतो. त्याच ठिकाणी काशिनाथ हा दुसरा तरुण आहे. तो जात लपवत नाही आणि अपमान सोसतही नाही. अखेरीस निवेदकाची जात उघड होते. त्याला बेदम मारहाण होते. काशिनाथ चाकू घेऊन धावून येतो आणि त्याला सोडवतो. मार खाल्ल्याबद्दल विचारले असता निवेदक उत्तर देतो, त्याचा आशय असा की मला या लोकांनी मारलेच नाही, मनूने मारले.

मावळात उर्से येथे काही तरुणांनी रविवारचे वाचन चालविले आहे. द्रुतगती मार्गावरचा टोलनाका म्हणून हे नाव आता महाराष्ट्रभर ठाऊक आहे. या मुलांपैकी बहुतेकजण परिसरातल्या कारखान्यांत पाळीवर जातात. शाळेचा उंबरठा न चढलेल्या दोन-तीन बायाही कान देऊन ऐकत असतात. तेथे ही कथा मोठ्याने वाचली गेली. वाचून होताच एक तरुण म्हणाला, “सर, तो रणछोड मुळातच लबाड होता. त्याला सगळं माहीत होतं.” मी विचारले, “हे कुठल्या वाक्यात आहे?” त्याने पुस्तक चाळले, त्याला ते वाक्य मिळाले नाही. तेव्हा मागे बसलेली एक बाई म्हणाली, “त्यानं जात सांगितली न्हाई, ह्ये खरं. पर खोटं कुठं बोलला? बाकीच्यांनीच त्याला वरचा केला. मग चोरी कुणाची, सर?”

त्या बाईने जो प्रश्न विचारला तो या कथेच्या समीक्षेतला मध्यवर्ती प्रश्न आहे, असे मला वाटते. कथेत लिहिलेले काय? निवेदक जातीच्या प्रश्नाला जातीचे उत्तर देत नाही, एवढेच. ताडलेले काय? एवढ्या ताठ मानेने बोलणारा माणूस खालच्या जातीचा असणार नाही, हे. पण हे अनुमान वाचकाचे नाही, कथेतल्याच माणसांचे आहे. निवेदकाच्या मौनाची जागा त्यांनी आपल्या गृहीताने भरली, आणि गृहीत खोटे ठरले तेव्हा आपल्या चुकीची शिक्षा त्याला दिली. म्हणजे वाचकाने ज्या चुकीपासून सावध राहायचे, तीच चूक या कथेची घटना आहे. कथेतली माणसे एका माणसाला वाचतात, चुकीचे वाचतात आणि मग मारतात.

आता शीर्षकातला ‘चोरली’ हा शब्द पाहा. ही चोरी होती, असे कोण म्हणते? शब्द निवेदकाचा आहे, हे लिहिलेले आहे. तो शब्द कबुलीचा आहे की उपरोधाचा, हे मात्र लिहिलेले नाही. ते आपल्याला ताडावे लागते. मी तो उपरोधाचा मानतो. माझा आधार शेवटच्या उत्तरात आहे. ज्याला आपल्याला मारणारे हात मनूचे दिसतात, तो स्वतःला खऱ्या अर्थाने चोर मानत असेल, हे संभवत नाही. परंतु याच्या विरोधात जाणारी गोष्टही कथेतच आहे. आपली जात कळेल ही धास्ती निवेदकाच्या मनात आहे, आणि धास्तावलेल्या माणसाला आपले मौन चोरीसारखे वाटू शकते. म्हणून ‘शीर्षक उपरोधिक आहे’ असे मी ठोकून देणार नाही. ‘या आधारावर मी ते उपरोधिक मानतो, आणि ही गोष्ट त्याच्या विरोधात जाते’, असे म्हणेन. एवढे म्हटल्याने माझ्या मताचा जोर कमी होत नाही. उलट वाचकाला ते तपासण्याची सोय होते.

शेवटाबद्दलही हेच. ‘हिंसा करणारा माणूस निमित्तमात्र आहे, खरी दोषी व्यवस्था आहे, असे कथा सांगते’, असे विधान सर्रास केले जाते. येथे तीन थर वेगळे केले पाहिजेत. त्याला माणसांनी मारले, ही कथेतली घटना. मनूने मारले, हे पात्राचे म्हणणे. व्यवस्था दोषी आहे, हा वाचकाचा निष्कर्ष. पात्राचे म्हणणे निष्कर्षाला बळ देते, म्हणून निष्कर्ष पक्का आहे. तरी तो निष्कर्षच आहे. आणि हे तीन थर वेगळे केले की एरवी निसटणारी एक गोष्ट दिसू लागते. काशिनाथचा चाकू मारणाऱ्या माणसांना आवरतो, मित्राचा जीव वाचवतो. पण निवेदक ज्याचे नाव घेतो त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. काशिनाथ आपला नायक म्हणून व्यासपीठावरून पुष्कळ गाजला आहे. ‘शस्त्र हाती घ्या, हा या कथेचा संदेश’, असे आपल्याच वक्त्यांनी सांगितले आहे. हा संदेश कथेत कोणत्या ओळीवर आहे? चाकूने जीव वाचला, हे लिहिलेले आहे. चाकूने प्रश्न सुटला, असे लिहिलेले नाही. बागुलांनी जो अवघड प्रश्न उघडा ठेवला तो आपण घोषणेने बुजवतो.

दुसरे एक घाईचे अनुमान प्रस्थापित समीक्षेचे आहे. दलित कथेत ‘मी’ आला की तो लेखकच, आणि कथा म्हणजे त्याची हकीगत! पांढरपेशा लेखकाने ‘मी’ लिहिले तर ते निवेदनतंत्र. आपल्या लेखकाने लिहिले तर ती जबानी. लेखकाच्या आयुष्यातले काही कथेत उतरले असेल, नसेलही; तो चरित्राचा विषय आहे. कथेचा ‘मी’ कथेने घडवलेला असतो. त्याला लेखक ठरवून मोकळे होण्यात एक सोय आहे. मग कथेतली निवड, मांडणी, मौन यांची चर्चा करावी लागत नाही. ‘अनुभव जळजळीत आहे’ एवढे म्हणून सुटता येते. रणछोडने आडून जात विचारली आणि या समीक्षकांनी आडून चरित्र विचारले. कथा मात्र कोणी वाचली नाही.

येथे एक आक्षेप येईल. कथा ही मुळातच कमी सांगणारी. न सांगितलेले वाचकाने भरून काढावे, या भरवशावरच ती लिहिली जाते. मग अनुमान टाळायचे कसे? मी अनुमान टाळा असे म्हणत नाही. अनुमानावाचून वाचन नाही. प्रश्न एवढाच की सर्व अनुमाने सारख्या किमतीची नसतात, आणि ती किंमत ठरवता येते.

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातलं सोनं’ घ्या. भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. योगायोगाने त्याला स्मशानाच्या राखेत सोने सापडते आणि तो तेच काम धरतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, बोटे जातात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याचे कळते आणि तो धाय मोकलून रडतो. या कथेचे तात्पर्य ‘लोभाचे फळ वाईट’ असे लिहिणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत. उलट ‘भांडवलशाहीने त्याची बोटे कापली’ असे लिहिणारेही आहेत. दोन्ही अनुमानेच. पण पहिल्याला कथेतली एक मोठी गोष्ट झाकावी लागते : हा माणूस काम बंद पडले म्हणून स्मशानात गेला. खाण बंद होणे आणि सुरू होणे, या दोन घटना लेखकाने भीमाच्या दुर्दैवाच्या दोन टोकांना ठेवल्या आहेत. लोभाच्या तात्पर्यात त्या दोन्ही फुकट जातात. दुसऱ्या अनुमानात त्यांना अर्थ मिळतो. कथेतल्या अधिकात अधिक लिहिलेल्या गोष्टींना जे अनुमान जागा देते ते अधिक बळकट. तरीही ‘कापली’ हे क्रियापद आपले आहे. कथेत बोटे जातात ती मेलेल्या माणसाच्या दातांत. हे विसरले की भीमाच्या हाताखालचा तो मुर्दा नाहीसा होतो, आणि जिवंतपणी भाकर न मिळाल्यामुळे मुर्द्याच्या तोंडात हात घालावा लागला, हे त्या कथेचे भयही नाहीसे होते.

लिहिलेले आणि ताडलेले यांच्याबरोबर दलित वाचकाच्या हाती तिसरी एक गोष्ट असते : अनुभवाने ठाऊक असलेले. बंधुमाधवांच्या ‘विषारी भाकर’ या कथेत म्हातारा आजा आणि नातू पाटलाच्या खळ्यावर जातात. अपमानाखेरीज पदरात काही पडत नाही. शेणामुतात पडलेले शिळ्या भाकरीचे तुकडे आजा उचलतो, ते खातो आणि मरतो. कोणी भाकरीत विष कालवल्याचे कथेत नाही. मग ‘विषारी’ काय? ज्याच्या घरात बलुत्याची आठवण आहे त्याला हे ताडावे लागत नाही; त्याला ते माहीत असते. ज्याच्या घरात ती आठवण नाही, तो ती भाकर केवळ नासलेली समजून पुढे जातो. हे आपले ज्ञान मोलाचे आहे आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. पण ते कथेच्या नावावर जमा करू नये. ‘बलुत्याच्या व्यवहारात असे होत असे, हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून ही ओळ आम्ही अशी वाचतो’, असे उघड म्हणावे. तसे म्हटले की ज्याला ठाऊक नाही त्याला नवे काही कळते. तसे न म्हटले की तो म्हणतो, हे कथेत कोठे आहे? आणि आपल्याकडे उत्तर नसते.

हा विवेक आपल्याला बाहेरून आणावा लागत नाही. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी हाच प्रश्न सोडवला आहे. अस्पृश्यतेच्या उगमाचा थेट पुरावा हाती नाही, हे ते लपवत नाहीत. तुटलेले दुवे जोडायला अनुमान आणि कल्पना यांचा आधार घेतल्याचे ते स्पष्ट सांगतात. निश्चित आणि अनिश्चित यांची निवड करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य, या गटेच्या मताचा ते आधार घेतात. आणि न दिसणारे दुवे कल्पनेने भरण्यात विज्ञान व साहित्य यांचे नाते आहे, या गॉर्कीच्या मताचाही. टीकाकाराने काय तपासावे, हेही ते सांगतात : अनुमान ज्ञात गोष्टींशी जुळते की नाही. अस्पृश्यता इसवी सन ४०० च्या सुमारास जन्मली, हा त्यांचा निष्कर्ष आपले अनेक लेखक शिलालेखात कोरल्यासारखा उद्धृत करतात. निष्कर्ष मांडणारा मात्र त्यांच्याहून सावध होता. निष्कर्षाएवढीच ती सावधगिरीही आपला वारसा आहे.

त्याच्याही मागे गेले तर बौद्ध तर्कशास्त्र आहे. दिङ्नागाने प्रमाणे दोनच मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. ग्रंथात म्हटले आहे म्हणून खरे, हे स्वतंत्र प्रमाण त्याने मानले नाही. आणि केसमुत्ती सुत्तात कालामांना तथागत सांगतात की परंपरेवर विसंबू नका, तसेच नुसत्या तर्कावरही विसंबू नका. वेदप्रामाण्य नाकारणाऱ्याने स्वतःच्या तर्कालाही वेद करू नये, असा याचा अर्थ मी घेतो.

कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. तिच्यानुसार आरोपीची पीडित व्यक्तीशी किंवा तिच्या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. कायदा येथे अनुमान करतो, पण ते अनुमान आहे, ते कोणत्या गोष्टीवर उभे आहे आणि कसे खोडता येईल, हे तिन्ही सांगून करतो. समीक्षेने इतके केले तरी पुरे. आणि तक्रार लिहायला बसलेल्या आपल्या माणसाला ‘मी हे पाहिले, हे ऐकले, आणि यावरून मला असे वाटले’ अशी तीन वाक्ये वेगळी लिहिता येणे किती मोलाचे आहे, हे सांगायला नकोच. हे कसब वर्गात कथा वाचतानाच शिकवता येते.

आपल्या अतिरेकाचे एक उदाहरण मावळातलेच देतो. उर्से ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात कार्ल्याची लेणी आहेत. तेथल्या चैत्यावरील लेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. धेनुकाकटाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे आणि तेथलाच सामी नावाचा सुतारही आहे. हे कोरलेले आहे. सुताराचे नाव चैत्याच्या दाराशी कोरले जाते त्या अर्थी त्या संघात कारागिराला मान होता, हे चांगले अनुमान आहे. पण ‘त्या काळी जात नव्हती, हे कार्ल्यात लिहिले आहे’, असे भाषणातून ऐकू येते, तेव्हा मन खट्टू होते. असे कार्ल्यात लिहिलेले नाही. आणि तो डोंगर ज्यांनी छिन्नीने फोडला त्या सर्वांची नावे तेथे आहेत, असेही नाही. न कोरलेल्या नावांचा प्रश्न त्या घाईच्या वाक्याखाली पुन्हा गाडला जातो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी याच परिसरात देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ज्या भूमीत ते घडले तेथे तरी बुद्धाच्या नावावर न तपासलेले विधान खपवू नये.

वर्गात मी एक साधी पद्धत ठेवली आहे. वहीच्या पानावर उभी रेघ मारायची. डावीकडे कथेत लिहिलेले. उजवीकडे आपण ताडलेले. खाली, आपल्याला आधीच ठाऊक असलेले. उजवीकडच्या प्रत्येक वाक्यापुढे दोन गोष्टी लिहायच्या : कोणत्या ओळीवरून, आणि कोणती ओळ विरोधात जाते. सुरुवातीला मुले कंटाळतात. पुढे त्यांना त्यात एक ताकद सापडते. ज्या मुलाच्या घरात त्याच्याआधी पुस्तक आले नाही, त्याला गाईडच्या आणि सरांच्याही मतापुढे उभे राहून ‘सर, हे कुठल्या वाक्यात आहे?’ असे विचारता येते. आमच्या पिढीला हा प्रश्न विचारायला फार उशिरा शिकवले गेले.

प्रस्थापित समीक्षकांकडे माझी मागणी आहे की दलित कथेतल्या ‘मी’विषयी बोलताना त्यांनी कथेतली ओळ दाखवावी. तीच मागणी मी आपल्या समीक्षकांकडेही करतो. या नियतकालिकात येणाऱ्या परीक्षणांत ‘कथा असे सांगते’ हे शब्द आले की पुढे ती ओळ कोणती आणि कोण बोलते, हे यावे. ते येत नसेल, तर ‘मला असे वाटते’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही.